वेदनेची वाट अडवणारा

घोडबंदर रोडवर आता पावलोपावली हॉस्पिटलं आहेत. पित्ताशयातल्या खड्यांसाठी तिथं दाखल झालेला माणूस दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक-दोन दिवसांत घरी येतो. ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली केली. पूर्ण भूल तिला बहुधा लागते. पण नंतरचं दुखणं कमी व्हावं म्हणून अलीकडे भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पोटाच्या किंवा पाठीच्या स्नायूंच्या थरांत सुई सरकवतात आणि तिथल्या नसा काही तास बधिर करतात. याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्यामुळे मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात.

मॉर्फिनचा हा उल्लेख लक्षात ठेवा. नसेतच औषध टोचून वेदनेची वाट अडवायची, ही युक्ती ज्यानं रुळवली, त्याला मॉर्फिननंच गाठलं होतं.

विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड १८५२ साली न्यूयॉर्कच्या एका सधन व्यापारी घरात जन्मला. येलमध्ये पुस्तकांपेक्षा फुटबॉलमध्ये अधिक रमला. पुढं मात्र वैद्यकानं त्याला असं झपाटलं, की व्हिएन्नापर्यंत जाऊन तो शिकून आला. १८८२ साली ऑल्बनीत आई तापानं फणफणली, पोट दुखू लागलं. मुलानं रात्री दोनच्या सुमारास तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर निजवलं, पित्ताशय उघडलं, पू काढला आणि सात खडे बाहेर काढले. आई वाचली! पित्ताशय मुळातूनच काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये लांगेनबूखनं केली तीही त्याच वर्षी. तेव्हा या पोराची छाती केवढी असेल, पाहा.

१८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला. हॉल्स्टेडनं पुढचा विचार केला. औषध थेट नसेपाशी टोचलं, तर ती नस जिथवर जाते तो सगळा भाग बधिर होईल. जबड्याच्या नसेपाशी एक सुई, की खालचे त्या बाजूचे दात मुके! प्रयोग करायचे कुणावर? एकमेकांवर, स्वतःवर. कोकेन माणसाला धरतं आणि सोडत नाही, हे तेव्हा कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं. त्या टोळक्यातले काहीजण त्यापायी आयुष्यातून उठले.

१८८५ मध्ये त्यानं यावर एक लेख छापला. बँकेत असताना कर्जाचा अर्ज वाचूनच अर्जदाराच्या घरची अवस्था थोडीफार कळायची. या लेखाचं पहिलंच वाक्य इतकं गुंतागुंतीचं आहे, की लिहिणाऱ्याचं काय झालं होतं ते सांगायला वैद्य लागत नाही. १८८६ मध्ये त्याला प्रॉव्हिडन्सच्या बटलर हॉस्पिटलात ठेवलं. त्या काळच्या रिवाजानं कोकेन सोडवायला मॉर्फिन वापरलं जाई. मॉर्फिन जडलं ते मात्र सुटलं नाही.

वेल्श नावाच्या मित्रानं त्याला बाल्टिमोरला नेलं, जॉन्स हॉपकिन्समध्ये उभं केलं. तिथं दिसला तो वेगळाच हॉल्स्टेड. न्यूयॉर्कचा धडाकेबाज सर्जन आता संथ, अबोल, एकेक रक्तवाहिनी जपत काम करणारा झाला होता. जंतुनाशकानं परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टनच्या हातांची सालं निघत, म्हणून त्यानं तिच्यासाठी रबरी हातमोजे करवून घेतले आणि १८९० मध्ये तिच्याशी लग्नही केलं. नवे सर्जन वर्षानुवर्षं हाताखाली घडवण्याची रेसिडेन्सीची पद्धत त्यानंच अमेरिकेत रुजवली. मधूनमधून तो महिनोन्‌महिने नाहीसा होई. सहकारी ऑस्लर यानं खरी गोष्ट टिपून मोहोरबंद ठेवली होती. ती १९६९ साली उघड झाली.

१९१९ मध्ये हॉल्स्टेडच्याच पित्ताशयावर शस्त्रक्रिया करावी लागली. एप्रिल १९२२ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी जबड्याच्या त्या जुन्या ब्लॉकबद्दल त्याला सुवर्णपदक दिलं. उन्हाळ्यात दुखणं परत उलटलं. पित्तनलिकेत खडा होता. या खेपेला सुरी धरली ती त्यानंच घडवलेल्या शिष्यांनी. ७ सप्टेंबर १९२२ रोजी तो गेला. तीन महिने पुरे होण्याआधी कॅरोलिनही गेली.