सरळ ओळींचा शेतकरी : जेथ्रो टल

बागेतलं तण तुम्ही कधी उपटलंय का? आज उपटलं, की थोड्याच दिवसांत पुन्हा हजर! भाजीला जे पाणी, जो प्रकाश आणि जी जागा हवी असते, तेच सगळं तणालाही हवं असतं. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याने या तणाला हरवायचं ठरवलं. त्यांचं नाव जेथ्रो टल.

टल यांचा जन्म 1674 मध्ये बर्कशायरमधल्या बॅसिल्डन गावी झाला. ते ऑक्सफर्डला शिकले आणि पुढे वकील झाले. पण तब्येत साथ देईना. मग ते घरची शेती बघू लागले.

त्या काळी तिथले बरेच शेतकरी मुठीने बी फेकून पेरत. त्यामुळे रोपं कुठे दाट, तर कुठे विरळ उगवत. मधलं तण काढायला जावं, तर पीकच पायाखाली यायचं! टल यांनी मजुरांना ओळीत चर काढून बी पेरायला सांगितलं. मजुरांना ते काही पटलं नाही. मग टल यांनी यंत्रच बनवायचं ठरवलं. त्यांना संगीताची आवड होती. ऑर्गन या वाद्याच्या आतल्या भागांवरून त्यांना कल्पना सुचली. 1701 च्या सुमारास त्यांचं पेरणीयंत्र तयार झालं. घोडा ते ओढायचा आणि एका वेळी तीन ओळी पेरल्या जायच्या. महाराष्ट्रातली तीन फणांची तिफणही अशाच तीन ओळी पेरते. फक्त ती बैल ओढतात.

पुढे तब्येत सुधारावी म्हणून टल फ्रान्स आणि इटलीला गेले. दक्षिण फ्रान्समध्ये त्यांनी द्राक्षमळे पाहिले. तिथले शेतकरी वेलींच्या ओळींमधली जमीन पुन्हा पुन्हा नांगरत होते. त्यामुळे माती भुसभुशीत राहायची आणि तणही मरायचं. टल यांच्या मनात आलं, आपल्या शेतात असं का करू नये?

घरी परतल्यावर त्यांनी आधी टर्निप आणि बटाट्याच्या पिकात हा प्रयोग केला, मग गव्हात. दोन ओळींमध्ये रुंद जागा सोडली आणि तिथून घोड्याचं कोळपं फिरवलं. पीक जागेवर राहिलं, तण तेवढं उपटलं गेलं. ओळ सरळ असली, तरच हे जमतं!

पण मजुरांना ही नवी पद्धत आवडली नाही. ते अवजारं मोडतात, अशी टल यांची तक्रार होती. 1731 मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्यावरही खूप टीका झाली.

टल यांचं सगळंच बरोबर होतं का? नाही. मुळं मातीचे बारीक कण खातात, असं त्यांना वाटायचं. म्हणून माती भुसभुशीत केली की खत नको, असं त्यांचं मत होतं. ते चुकीचं होतं. पिकाला मातीतून अन्नद्रव्यं लागतात आणि ती खतातून मिळतात. मात्र शेणखताबरोबर तणाचं बी शेतात येतं, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच खत नीट कुजवून मग घालायचं असतं.

1741 मध्ये टल वारले. त्यांची पद्धत इंग्लंडमध्ये सगळीकडे पोचायला त्यानंतरही बराच काळ लागला. आज ट्रॅक्टरमागचं कोळपं भाजीच्या ओळींमधून फिरतं, तेव्हा त्यामागे तीच कल्पना असते. पुढच्या वेळी वाफ्यात बी पेराल, तेव्हा आधी दोरी ताणून सरळ ओळ आखा. तण काढणं किती सोपं होतं, ते तुम्हालाच कळेल.

शब्दार्थ
तण – पिकात आपोआप उगवलेलं, नको असलेलं गवत किंवा झुडूप
चर – जमिनीत काढलेली लांब, अरुंद खाच
भुसभुशीत – मोकळी, मऊ (माती)
कोळपं – पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार

विचार करा आणि सांगा
1. फेकून पेरलेल्या शेतात तण काढणं अवघड का होतं?
2. द्राक्षमळे पाहून टल काय शिकले?
3. मजुरांना नवी पद्धत का आवडली नसेल? तुम्हाला काय वाटतं?