गोरोबांचे थापटणे

भातसेकाठच्या आमच्या खडवलीत उन्हाळ्याचा माठ घेताना आम्ही टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कच्चा किंवा तडकलेला. कच्च्या-पक्क्याची हीच पारख माणसांना लावणारे संत गोरा कुंभार तेरचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले.

तेर म्हणजे प्राचीन तगर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून तिथे संग्रहालय उभे राहिले. त्यात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. काही तर केओलिन या पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत काढलेल्या. अशा गावात, परंपरेप्रमाणे १२६७ साली, गोरोबा जन्मले.

चिखल तुडवताना विठ्ठलनामात ते इतके हरवले, की रांगत आलेले स्वतःचे मूल पायाखाली गेले. कीर्तनकार इथे त्यांच्या तल्लीनतेचे गोडवे गातात. मला मात्र संतीपाशी थांबावेसे वाटते. पाणी घेऊन आलेल्या त्या आईने आक्रोश केला, तर गोरोबा तिच्यावरच धावले. तेव्हा तिने त्यांना विठ्ठलाची शपथ घातली, मला शिवायचे नाही. ती त्यांनी पाळली. पुढे संतीची बहीण रामी सवत म्हणून आली. दोघींना सारखे वागवा, असे सासऱ्यांनी सांगताच तिलाही तीच शपथ लागू झाली. एका रात्री झोपेत दोघींनी त्यांचे हात अंगावर घेतले, तर गोरोबांनी ते हातच तोडले. कुंभाराने हात तोडावेत! पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात ते हात परत आले आणि मूलही रांगत आले, असे कथा सांगते.

संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. आपण हा नामदेवांचा अपमान समजतो. पण चाकावरून उतरलेल्या ओल्या मडक्याला आतून गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकतात, तेव्हा त्याला पोट येते. भाजलेल्यावर ते चालवले तर खापऱ्याच हाती येतील. म्हणजे हे हत्यार मुळात कच्च्यासाठीच. नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले.

वयाने वडील म्हणून सारे संत गोरोबांना काका म्हणत. शके १२३९च्या चैत्र वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३१७ साली, त्यांनी तेरलाच देह ठेवला. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे. अभंग मोजकेच उरले, पण कथा दूर गेली. १९७४ साली राजकुमार यांच्या ‘भक्त कुंबार’ या चित्रपटातून ती कन्नड प्रेक्षकांनीही पाहिली.