केडगावची मुक्ती आणि बोस्टनचा डॉलर

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचे वैधव्य आणि त्यांचे धर्मांतर यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने त्यांच्या शाळांना पैसा कोठून आला, तो कोणत्या अटींवर आला आणि त्या अटींनी त्यांची किती कोंडी केली, याकडे कमी लक्ष गेले. वास्तविक त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाची किल्ली येथेच आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते कन्येला दिले. हे कुटुंब पुराणकथन करीत तीर्थोतीर्थी हिंडत असे. दुष्काळ आणि उपासमार यांत आई, वडील व थोरली बहीण असे तिघेही गेले. मागे उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढील चार वर्षांत भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह, मनोरमेचा जन्म आणि पतीचे निधन, इतके सारे घडून गेले. 1882 मध्ये कडेवर मूल घेऊन त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात अध्ययन झाले. 1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत उतरल्या आणि तेथेच दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेत त्यांनी गावोगावी व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यातूनच डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ठिकठिकाणी मंडळे निघाली. वर्षाला निदान एक डॉलर, असे दहा वर्षे द्यायचे, हा सभासदांचा संकल्प होता. धनिकाच्या एकरकमी देणगीपेक्षा या लहान वर्गणीचे मोल अधिक म्हणावे लागेल. मात्र शाळेत धर्मप्रचार होणार नाही, ही अट त्या मदतीला जोडलेली होती.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. गोदूबाई ही येथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक. तिच्याशी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. अण्णासाहेबांनी तीनच वर्षांनी विधवांच्या शिक्षणाचे कार्य हाती घेतले, त्यामागे या सदनाचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

परंतु त्याच वर्षी वादळ उठले. रमाबाई प्रार्थना करीत, तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. ही तटस्थता की आडवाटेचा धर्मप्रचार? केसरीने कठोर टीका केली. रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांचा संशय सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही. प्रेमळ आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा प्रभाव निराधार मुलीवर पडणारच. पण त्या मुलींना दुसरा आसरा देण्याची तयारी टीकाकारांपैकी किती जणांनी दाखविली, हाही प्रश्न विचारायला हवा. अमेरिकेची मदत चालूच राहिली.

दहा वर्षांची मुदत संपणार, हे रमाबाईंना ठाऊक होते. म्हणून केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन त्यांनी फळबाग लावली. उद्या परदेशचा ओघ आटला तर बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा हिशेब होता. तो हिशेब दुष्काळाने बदलला. 1896–97 मध्ये मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली. स्वतः भूक सोसलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि शेकडो अनाथ मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा मुलींना केडगावच्या शेतावर झोपड्यांत ठेवण्यात आले. तेच ‘मुक्ती’. 1900 च्या दुष्काळात गुजरात व राजपुताना येथील मुलीही आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता मदत अमेरिकेपुरती उरली नव्हती आणि अटही बदलली होती, कारण मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

इतक्या मुलींना शिकविणार कोण? अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांच्यासारख्या साहाय्यक होत्याच. पण मुख्य भर संस्थेतच वाढलेल्या मुलींना शिक्षिका करण्यावर होता. मोठ्या मुली लहानांचे वर्ग घेत. विणकाम, तेलघाणी, दुग्धशाळा आणि छापखाना यांतही त्याच राबत. मनोरमाबाईंनी अमेरिकेत शिकून आणलेली ब्रेल लिपी अंध मुलींच्या हाती दिली.

मराठवाड्याच्या वाचकांना एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. अर्धापूर, नांदेड हा सारा प्रदेश त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुलींच्या शाळा तेथे दुर्मीळ होत्या. त्याच संस्थानातील गुलबर्ग्यास 1912 मध्ये रमाबाईंनी शाळा काढली व मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. केडगावची ही सर्वांत दूरची फांदी.

मनोरमाबाई 1921 मध्ये गेल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर चालविले होते. ते हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली होती आणि तेथे खिळे जुळविणाऱ्या मुलींमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलीही होत्या.