हिमसागरातील वल्हेकरी : गिनो वॉटकिन्स

तापीवर ठिकठिकाणी पूल झाले आणि खान्देशातील नावाड्यांचे वल्हे हळूहळू मागे पडले. तरीही वल्हे म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नाव उलटली तर काय करायचे, हेही नदीकाठच्या पोराला ठाऊक असते : नाव सोडायची आणि पोहत काठ गाठायचा. पृथ्वीच्या उत्तर टोकाला मात्र हा उपाय चालत नाही. तेथील पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच निकामी होतात. म्हणून ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी उलटलेल्या होडीतून बाहेर न पडता, आत बसल्या बसल्या ती पुन्हा सरळ करण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. ही विद्या त्यांच्याकडून शिकलेला, तिच्या भरवशावर वावरलेला आणि वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी त्याच पाण्यात नाहीसा झालेला इंग्रज तरुण म्हणजे हेन्री जॉर्ज ऊर्फ गिनो वॉटकिन्स.

वॉटकिन्स यांचा जन्म २९ जानेवारी १९०७ रोजी लंडन येथे झाला. वडील लष्करी अधिकारी होते. शाळेत असतानाच आल्प्सच्या शिखरांनी या मुलाला वेड लावले होते. पुढे केंब्रिज विद्यापीठात ध्रुवप्रदेशाविषयीची व्याख्याने ऐकून त्यांची दिशा निश्चित झाली. १९२७ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, स्पिट्सबर्गेनजवळील एज बेटाच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले. त्यानंतर १९२८-२९ मध्ये कॅनडातील लॅब्रॅडॉरच्या निर्जन प्रदेशाची पाहणी केली. ज्या वयात आपल्याकडील पदवीधर नोकरीचे अर्ज भरत असतात, त्या वयात हा मुलगा नकाशावरील कोऱ्या जागा भरीत होता.

त्यांचे नाव झाले ते १९३०-३१ च्या ग्रीनलंड मोहिमेमुळे. ब्रिटनहून आइसलंड व ग्रीनलंडमार्गे कॅनडाला विमाने नेता येतील काय, हे तपासण्यासाठी चौदा जणांची तुकडी जुलै १९३० मध्ये लंडनहून निघाली. जहाज होते शॅकल्टन यांच्या अखेरच्या सफरीचे ‘क्वेस्ट’. पूर्व किनाऱ्यावर अंगमाग्सालिकच्या, म्हणजे आजच्या तासिलाकच्या, पश्चिमेस तळ उभारण्यात आला. सोबत दोन छोटी विमाने होती, कुत्र्यांच्या घसरगाड्या होत्या. पण वॉटकिन्स यांचे लक्ष वेधून घेतले ते किनाऱ्यावरील शिकाऱ्यांच्या कयाकने.

या होडीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ग्रीनलंडमध्ये होडी बांधण्याजोगे झाड उगवत नाही. सातपुड्याचा साग पाहात वाढलेल्या आपल्याला याची कल्पना करणेही कठीण. तेथे लाकूड समुद्र देतो. सैबेरियातील नद्यांमधून वाहात आलेले ओंडके बर्फासोबत वर्षानुवर्षे तरंगत या किनाऱ्याला लागतात. या लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा बांधायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे. शिवण स्त्रियांची, एक टाका चुकला तर नवरा किंवा मुलगा परत येणार नाही, हे ठाऊक असलेल्या हातांची. माप फूटपट्टीचे नव्हे, तर बसणाऱ्याच्या शरीराचे. लांबी साधारण तीन वाव, रुंदी कमरेला बेताची. वल्हेही असेच मापून घ्यायचे : पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी आणि त्यावर एक हात, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर. दोन्ही टोकांची पाती इतकी अरुंद, की आपला नावाडी हसेल. पण वाऱ्यात ती अडत नाहीत आणि पाण्याखाली कुठेही धरली तरी हातात बसतात. बर्फावर घासून झिजू नये म्हणून पात्यांच्या कडांना हाडाची पट्टी ठोकलेली असते.

शिकारी या होडीत शिरतो म्हणजे जवळजवळ शिवला जातो. कातड्याच्या अंगरख्याची खालची कड बैठकीच्या कड्याभोवती आवळलेली, गळा व मनगटे बांधलेली. भाला लागलेल्या सीलने दोर ओढला, की होडी क्षणात पालथी होते आणि माणूस डोके खाली करून काळ्या पाण्यात लोंबकळतो. अशा वेळी घाबरून धडपडला तो संपला. जाणकार शिकारी अंग होडीच्या पाठीशी चिकटवतो, वल्हे होडीला समांतर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत नेतो आणि त्याचे पाते अर्धवर्तुळात बाहेर फिरवीत कमरेला हिसका देतो. आधी होडी वळते, मग धड आणि सर्वांत शेवटी डोके वर येते. डोके आधी उचलण्याचा मोह ज्याला आवरला, त्याला ही कोलांटी साधली. वल्हे हातातून निसटले तर भाला फेकण्याच्या फळीने, आणि तीही गेली तर नुसत्या तळहाताने वर यायचे. सर्वच शिकाऱ्यांना हे जमत नसे.

वॉटकिन्स यांना ते जमले. स्थानिकांना गुरू मानून ते नवशिक्यासारखे पाण्यात उतरले आणि पुढे वल्ह्याविना केवळ हातानेही कोलांटी घेऊ लागले. त्यांचे काही सहकारीही शिकले. ऑस्ट्रियाच्या एडी पावलाटा यांनी १९२७ सालीच वर्णने वाचून ही कोलांटी साधली होती. पण वॉटकिन्स यांच्यासाठी तो खेळ नव्हता. कयाकमधून सील मारायचा, तेच खायचे, कुत्र्यांनाही तेच घालायचे. डबाबंद अन्नाचे डोंगर वाहून नेणाऱ्या त्या काळच्या मोहिमांत हा विचार वेगळाच म्हणावा लागेल. खंत एवढीच, की शिष्याचे नाव भूगोलाच्या पुस्तकात गेले, गुरूंची नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

याच मोहिमेत हिमपठारावरील वेधशाळेत ऑगस्टीन कोर्टोल्ड हे डिसेंबर १९३० पासून एकटेच अडकले. तंबू बर्फाखाली गाडला गेला, दिव्याचे तेल सरत आले. एक तुकडी त्यांना शोधून रिकाम्या हाताने परतली. अखेर ५ मे १९३१ रोजी वॉटकिन्स, जॉन रायमिल आणि फ्रेडी स्पेन्सर चॅपमन यांना बर्फातून डोकावणारे झेंड्याचे टोक दिसले आणि कोर्टोल्ड जिवंत सापडले. त्यानंतर कोर्टोल्ड आणि पर्सी लेमन यांना सोबत घेऊन वॉटकिन्स यांनी उघड्या बोटींतून दक्षिण टोकाला वळसा घालत सुमारे ६०० मैलांचा प्रवास केला. वाटेतील अन्नाची भिस्त शिकारीवर होती.

१९३२ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना संस्थापक पदक दिले. अंटार्क्टिका ओलांडण्याची त्यांची योजना मात्र मंदीच्या काळात पैशाअभावी बारगळली. तेव्हा पॅन अमेरिकन विमान कंपनीच्या मदतीने ते रायमिल, चॅपमन व क्विंटिन रायली यांच्यासह पुन्हा पूर्व ग्रीनलंडला गेले. पैसा तुटपुंजा; चौघांचे पोट शिकारीवरच अवलंबून.

२० ऑगस्ट १९३२. लेक फिओर्ड येथील तळावरून वॉटकिन्स सकाळी एकटेच कयाक घेऊन सीलच्या शिकारीस निघाले. काही तासांनी रायमिल व चॅपमन यांना त्यांची कयाक पाण्याने अर्धी भरलेली, रिकामी तरंगताना आढळली. हिमनदीच्या मुखाजवळ एका हिमखंडावर त्यांची ओली पँट व कयाकचा पट्टा होता. देह सापडलाच नाही. हिमनदीचा कडा कोसळून उठलेल्या लाटेने, ते हिमखंडावर उतरले असताना कयाक ओढून नेली असावी आणि ती गाठण्यासाठी त्यांनी पाण्यात उडी घेतली असावी, असा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर आयुष्यभर जपलेली विद्या त्या क्षणी निरुपयोगी होती. कारण कोलांटी होडीत बसलेल्यालाच तारते.

उरलेल्या तिघांनी रायमिल यांच्या नेतृत्वाखाली ठरलेले वर्ष तेथेच काढून हवामानाच्या नोंदी पूर्ण केल्या. रायमिल यांनी पुढे १९३४ ते १९३७ या काळात अंटार्क्टिकाच्या ग्रॅहम लँडची मोहीम केली. चॅपमन १९३७ साली पासंग दावा लामा यांच्यासह हिमालयातील चोमोलहारीवर पोहोचले. ग्रीनलंडमधील एका पर्वतरांगेला वॉटकिन्स यांचे नाव देण्यात आले आहे. आर्क्टिकमधील सर्वांत उंच, ३,६९४ मीटरचे शिखर त्याच रांगेत आहे. १९३५ मध्ये त्यावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्यांत बर्फाखालून बाहेर काढलेले कोर्टोल्डही होते.

ग्रीनलंडच्या बहुतेक शिकाऱ्यांनी पुढे मोटरबोट पत्करली आणि कयाक विस्मरणात जाऊ लागली. १९८० च्या दशकात तेथील तरुणांनी मंडळे स्थापून ती पुन्हा पाण्यात उतरविली. त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत आजही कोलांट्यांचे कितीतरी प्रकार गुण देऊन तपासले जातात : वल्ह्याने, फळीने आणि नुसत्या हाताने.