खमिरापासून लसीपर्यंत : लुई पाश्चर (१८२२-१८९५)



खमिराचा दाखला आपण शुभवर्तमानात अनेकदा ऐकला आहे. चिमूटभर खमीर सगळे पीठ फुगवते, हे आपल्या आया-आज्यांना शाळेत न जाताही ठाऊक होते. दुधाला विरजण लावले की दही होते, द्राक्षांचा रस आंबला की त्याचा द्राक्षारस होतो. हे कसे घडते ते मात्र हजारो वर्षे कुणाला सांगता येत नव्हते. ते कोडे सोडवणारा आणि त्याच वाटेने जाऊन लाखो लोकांचे प्राण वाचवणारा शास्त्रज्ञ म्हणजे लुई पाश्चर. येत्या २८ सप्टेंबरला त्यांची पुण्यतिथी आहे.

लुई यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील डोल या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. त्यापूर्वी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. पुढे हे कुटुंब आर्बोआ या गावी स्थायिक झाले. लहानपणी लुई अभ्यासात फारसे चमकले नाहीत; त्यांचा हात चित्रकलेत चांगला होता. परंतु एकदा हाती घेतलेले काम ते सोडत नसत. पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन ते रसायनशास्त्रज्ञ झाले. १८४९ साली स्ट्रासबर्ग येथे मारी लोराँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मारीबाई अखेरपर्यंत घर सांभाळून त्यांचे लिखाणही उतरवून देत असत.

१८५४ साली पाश्चर लील शहरात प्राध्यापक झाले. तेथे बीटच्या रसापासून मद्यार्क तयार करण्याचे कारखाने होते. १८५६ साली एक कारखानदार चिंतातुर होऊन त्यांच्याकडे आला. त्याच्या काही पिंपांतला रस आंबट आणि बुळबुळीत होऊन वाया जात होता. पाश्चर स्वतः कारखान्यात जाऊ लागले. प्रत्येक पिंपातला थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चांगल्या पिंपात यीस्टचे गोलसर कण होते. बिघडलेल्या पिंपात मात्र काडीसारखे बारीक जंतू दिसले.

त्या काळी मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ आंबण्याच्या क्रियेला केवळ सडण्याची रासायनिक प्रक्रिया मानत. पाश्चर यांनी १८५७ साली मांडले की, हे जिवंत सूक्ष्म जीवांचे काम आहे. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क बनवते, तर दुसरा जंतू त्याच साखरेपासून दुधातील आम्ल बनवतो. जसा जंतू, तसा पदार्थ. काही जंतू तर हवेवाचूनही जगतात, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे १८९७ साली बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते, असे सिद्ध केले. म्हणजे विरोधकांच्या म्हणण्यातही थोडे तथ्य होते. तो रस तयार करते ते मात्र जिवंत यीस्टच.

मग प्रश्न आला, हे जंतू येतात कोठून? ते सडक्या पदार्थात आपोआप जन्माला येतात, असे अनेक विद्वान म्हणत. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेल्या काचेच्या कुप्या बनवल्या. त्यांत सूप उकळून ठेवले. नळीतून हवा आत जाई, पण धूळ वळणावर अडके. सूप बिघडले नाही. कुपी तिरकी करून सूप त्या धुळीला लावले, की थोड्याच दिवसांत ते नासले. जंतू बाहेरून येतात, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आले.

फ्रान्सचा द्राक्षारस वारंवार खराब होत असे. पाश्चर यांनी तो ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून टिकवण्याची रीत १८६५ च्या सुमारास शोधली. तीच रीत पुढे इतरांनी दुधासाठी वापरली. आज पिशवीतल्या दुधावर पाश्चराइज्ड हा शब्द आपण वाचतो, तो त्यांच्याच नावावरून आला आहे.

बंधू-भगिनींनो, हे यश मिळत होते तेव्हा त्यांच्या घरात काय चालले होते? १८५९ साली नऊ वर्षांची थोरली मुलगी जान विषमज्वराने गेली. १८६५ साली वडील वारले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची कामी गेली. १८६६ साली बारा वर्षांच्या सेसिलला पुन्हा विषमज्वरानेच नेले. पाच मुलांपैकी तीन मुली त्यांनी मातीआड केल्या. १८६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू कायमची अधू झाली. तरीही ते रेशमाच्या किड्यांच्या रोगावरील काम पुरे करण्यासाठी दक्षिण फ्रान्समध्ये परतले आणि तेथील रेशीमधंदा वाचवण्यास त्यांनी हातभार लावला.

जंतूंमुळे द्राक्षारस आजारी पडतो, तर माणूसही पडत असेल, या विचाराने त्यांनी रोगांकडे मोर्चा वळवला. जंतूंचा जोर कमी करून ते टोचले तर शरीर रोगाशी लढायला शिकते, हे त्यांनी प्रथम कोंबड्यांवर पाहिले. १८८१ साली पुयी-ल-फोर या गावी २४ मेंढ्या, एक बकरी आणि सहा गुरांना त्यांनी अँथ्रॅक्सची लस दिली. नंतर लस दिलेल्या व न दिलेल्या अशा सर्व जनावरांना रोगाचे जंतू टोचले. २ जूनला गर्दी जमली. लस दिलेल्या मेंढ्या चरत होत्या. न दिलेल्या मेल्या होत्या किंवा मरणाच्या दारात होत्या.

येथे एक कटू गोष्टही सांगायला हवी. त्यांच्या वह्या त्यांच्या नातवाने १९६४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. त्या वाचल्यावर कळले, की त्या दिवशीची लस पाश्चर यांनी सांगितलेल्या रीतीने नव्हे, तर त्यांचे सहकारी शांबरलाँ यांच्या रीतीने बनवली होती. पाश्चर यांनी ते जाहीर केले नाही. थोर माणसेही मोहाला बळी पडतात. त्यांचे काम त्यामुळे खोटे ठरत नाही, पण सहकाऱ्याचे श्रेय झाकले गेले, हे खरे.

६ जुलै १८८५ रोजी आल्सासमधील एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला, जोझेफ माइस्टरला, घेऊन पॅरिसला आली. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे अनेक ठिकाणी लचके तोडले होते. पाश्चर यांची लस माणसासाठी तयार झालेली नव्हती. मुलासाठी ठरवलेली नेमकी रीत कुत्र्यांवरही पुरती तपासून झाली नव्हती. शिवाय ते डॉक्टर नव्हते. सुई टोचण्याचाही त्यांना अधिकार नव्हता. लस द्यावी आणि तीच मुलाचा जीव घेणारी ठरली तर? न द्यावी आणि मूल तडफडून मेले तर? दोन डॉक्टरांनी मुलाला तपासून संमती दिल्यावर त्यांनी निर्णय घेतला. दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या. जोझेफ वाचला. मोठेपणी तो पाश्चर संस्थेतच द्वारपाल होता.

त्याच वर्षी लुईझ पेलेतिए ही लहान मुलगी आली. कुत्रा चावून महिन्याहून अधिक काळ लोटला होता. उपचार फसणार आणि लसीची बदनामी होणार, हे पाश्चर यांना कळत होते. तरी आईबापांना नाही म्हणणे त्यांना जमले नाही. मुलगी ३ डिसेंबरला दगावली. स्वतःच्या तीन मुलींना निरोप दिलेल्या या बापाने आपल्या नावापेक्षा त्या घराची आशा मोठी मानली.

लोकवर्गणीतून उभारलेली पाश्चर संस्था १८८८ साली सुरू झाली. तेथे काम केलेले हाफकिन पुढे भारतात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरल्यावर त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आगगाडीत रोझरी म्हणणाऱ्या वृद्ध पाश्चर यांची एक गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते. तिला पुरावा नाही. त्यांच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात मात्र असे आहे, की २८ सप्टेंबर १८९५ रोजी मरणसमयी त्यांचा एक हात पत्नीच्या हातात होता आणि दुसऱ्या हातात क्रूस होता.

आपल्या देशात रेबीजने आजही माणसे मरतात. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद-मिरची लावून किंवा मंत्र-तंत्र करून वेळ घालवू नये. मुलांनीही चावल्याचे घरात लपवू नये. प्रयोगशाळांत झटणाऱ्या सर्वांसाठी या रविवारी एक प्रार्थना अवश्य करू या.