ज्या धन्याला मरण नाही : संत फ्रान्सिस बोर्जिया

नोव्हेंबर महिना उजाडला की आपली पावले दफनभूमीकडे वळतात. आपण आप्तजनांच्या कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. घरी परतल्यावर मात्र आपला दिवस पूर्वीच्याच चाकोरीतून पुढे सरकतो. एका शवपेटीपाशी उभे राहिल्यानंतर ज्यांच्या दिवसाची घडीच बदलली, त्या संत फ्रान्सिस बोर्जिया ह्यांचे स्मरण ह्या निमित्ताने करू या.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म १५१० साली स्पेनमधील गांदिया येथे एका सरदार घराण्यात झाला. सम्राट पाचवा चार्ल्स आणि सम्राज्ञी इसाबेला ह्यांच्या दरबारात त्यांनी मानाचे स्थान मिळवले. सम्राज्ञीच्या सखी लिओनोर द कास्त्रो ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रभूने त्यांना आठ अपत्ये दिली.

१ मे १५३९ रोजी सम्राज्ञी इसाबेला तोलेदो येथे मरण पावल्या. वय अवघे ३५. त्यांचे शव दफनासाठी ग्रानादाला पोहोचविण्याचे काम फ्रान्सिस ह्यांच्याकडे आले. प्रवासाला पंधरवडा उलटला. तेथे ओळख पटविण्यासाठी पेटी उघडण्यात आली. ज्या मुखाच्या सौंदर्याची युरोपभर ख्याती होती, ते आता ओळखू येत नव्हते. ज्याला मरण येते अशा धन्याची चाकरी यापुढे करावयाची नाही, असा निश्चय त्यांनी तेव्हा केला, असे परंपरा सांगते.

वाचकांना वाटेल की, दुसऱ्याच दिवशी ते मठात गेले असतील. तसे झाले नाही. त्याच वर्षी सम्राटाने त्यांना कातालोनियाचे व्हाइसरॉय नेमले आणि त्यांनी ती जबाबदारी स्वीकारली. दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, न्यायदानात लक्ष घातले. प्रार्थनेला ते अधिक वेळ देऊ लागले व ख्रिस्तशरीर वारंवार स्वीकारू लागले. १५४३ साली गांदियाचे ड्यूक झाल्यावर त्यांनी तेथील रुग्णालयाचा जीर्णोद्धार केला. काम तेच होते. ते कोणासाठी करावयाचे, हे मात्र बदलले होते.

१५४६ साली पत्नीचे निधन झाले आणि त्यांनी येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. तेव्हा संत इग्नेशिअस लोयोला ह्यांनी घाई करू दिली नाही. आधी मुलांची व्यवस्था लावावी, ईशज्ञानाचा अभ्यास पुरा करावा, तोवर ही गोष्ट गुप्त ठेवावी, असे त्यांनी सुचविले. फ्रान्सिस उपवास आणि देहदंड अतोनात करीत. त्यालाही इग्नेशिअस ह्यांनी आवर घातला. शरीर हीसुद्धा देवाची देणगी आहे, ह्याची जाणीव करून दिली. मरणाचे भान म्हणजे जीवनाचा तिरस्कार नव्हे, हा धडा संतालाही शिकावा लागला.

१५५१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काल ज्यांच्या दारी नोकरचाकर होते, ते स्वयंपाकघरात राबू लागले, दारोदार भिक्षा मागू लागले. १५५५ साली सम्राटाच्या मातोश्री राणी हुआना ह्यांच्या अंतसमयी त्यांना आध्यात्मिक आधार देण्याचे भाग्य त्यांना लाभले. १५६५ मध्ये ते येशूसंघाचे प्रमुख झाले. पेरू व मेक्सिको येथे त्यांनी मिशनरी पाठविले. पोप संत पाचवे पायस ह्यांच्या आज्ञेवरून १५७१ साली, प्रकृती खालावलेली असतानाही, ते दूरच्या प्रवासाला निघाले. परतल्यावर लवकरच, १५७२ साली, रोम येथे त्यांनी देह ठेवला. १६७१ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले.

त्यांच्या आध्यात्मिक दैनंदिनीत १ मे ह्या दिवसाची नोंद आढळते. त्या मृत्यूद्वारे परमेश्वराने आपल्या ठायी जे घडवून आणले, त्याचे स्मरण ते पंचवीस वर्षांनंतरही करीत होते. शोक ओसरला होता, निश्चय टिकून होता.

प्रिय भाविकहो, आपल्यापैकी बहुतेकांना घर सोडावयाचे नाही, नोकरी-शेतीही सोडावयाची नाही. परंतु भावाशी धरलेला अबोला, लांबणीवर टाकलेले पापनिवेदन, आजारी शेजाऱ्याची राहून गेलेली भेट ह्यांना आपल्या दिवसात कितवे स्थान आहे? दफनभूमीतून परतताना हा प्रश्न सोबत आणू या आणि त्यांपैकी एक तरी गोष्ट आजच करू या.