आनंदीबाई जोशी : परदेशातील पहिले दिवस

नवी मुंबईहून कल्याण फार दूर नाही. तेथे बालपण घालवलेली यमुना ही मुलगी पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखली गेली. त्यांच्या आयुष्याची रूपरेषा तुम्हांस परिचित असेल. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या परदेशवासाच्या आरंभकाळाकडे विशेष लक्ष देणार आहोत.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला. तो अवघ्या काही दिवसांत दगावला. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळत नाही, ही उणीव त्यांना तेव्हा तीव्रतेने जाणवली. फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी परदेशी जाण्यामागची आपली भूमिका मांडली. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांचा निर्धार होता. हा निर्धार लक्षात ठेवा. पुढील प्रसंगांत त्याचीच कसोटी लागली.

7 एप्रिल 1883 रोजी त्या पतीविना कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. सुमारे दोन महिन्यांनी, 4 जूनला, त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांचे स्वागत केले. दोघींचा परिचय तोवर केवळ पत्रांतून झालेला होता. न्यूजर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात त्यांचे पहिले महिने गेले. त्या या बाईंना मावशी म्हणत. परक्या देशातील पहिले नाते त्यांनी आपल्या भाषेतील शब्दाने जोडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू झाली. त्यांच्या खोलीतील शेकोटी नीट पेटत नसे; पेटवली तर धूर कोंडे, न पेटवली तर गारठा सोसावा लागे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या व कंबर उघडी राहत; त्या थंडीत ते निभणे कठीण होते. येथे तुम्ही विचार करा : वेश बदलला तर निर्धार मोडतो काय? आनंदीबाईंनी विलायती पोशाख स्वीकारला नाही; गुजराती पद्धतीने साडी नेसून अंग झाकले. शाकाहार मात्र त्यांनी सोडला नाही. कशात तडजोड करावी आणि कशात करू नये, हे अठरा वर्षांच्या त्या विद्यार्थिनीने स्वतः ठरवले.

या साऱ्याचा प्रकृतीवर परिणाम झाला आणि क्षयाने त्यांना गाठले. तरीही 11 मार्च 1886 रोजी त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली; परंतु रुग्णसेवा करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. मावशी हा शब्द अशा रीतीने अखेरपर्यंत खरा ठरला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आनंदीबाईंनी वेशात बदल केला, आहारात केला नाही. या दोन निर्णयांची कारणमीमांसा आपल्या शब्दांत करा. शिक्षणासाठी तुम्हांला करावी लागलेली एखादी तडजोड आठवून तिची याच्याशी तुलना करा.